स्लाय स्टोन बुधवारी खरंच स्टेजवर येईल का?

बेसवेडा (पुणे) · ४ फेब्रुवारी २००६

येत्या बुधवारी, ८ तारखेला, लॉस एंजेलिसच्या स्टेपल्स सेंटरमध्ये ग्रॅमी या अमेरिकन संगीत पुरस्कारांचा ४८वा सोहळा आहे. आपल्याकडे तेव्हा गुरुवारची सकाळ उजाडलेली असेल. एरवी मी पुरस्कारांच्या कार्यक्रमाकडे फिरकत नाही. या वेळी जीव टांगणीला लागलाय, कारण कार्यक्रमात 'स्लाय अँड द फॅमिली स्टोन' या अमेरिकन फंक बँडला मानवंदना आहे आणि खुद्द त्याचा म्होरक्या स्लाय स्टोन येऊन वाजवणार, अशी कुजबुज तिकडच्या वर्तमानपत्रांतून चालू आहे.

हा माणूस स्टेजवर शेवटचा दिसला त्याला १३ वर्षं झाली. जानेवारी १९९३ मध्ये त्यांच्या बँडला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये घेतलं, तेव्हा बाकीचे सगळे आधी स्टेजवर जमले होते. हा सर्वांत शेवटी आला, दोन-चार वाक्यं बोलला, 'लवकरच भेटू' म्हणाला आणि निघून गेला. वाजवलं नाहीच. त्यानंतर मुलाखत नाही, कार्यक्रम नाही, नवीन गाणं नाही.

गेल्या वर्षी मात्र थोडी हालचाल झाली. जुलैत त्याच्या गाण्यांचा 'डिफरंट स्ट्रोक्स बाय डिफरंट फोक्स' हा अल्बम आला. त्यात आजच्या गायकांनी मूळ ध्वनिमुद्रणांवरच नवीन बांधणी केली आहे. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लबात त्याची बहीण व्हेट हिच्या बँडचा कार्यक्रम होता. तिला मोटरसायकलवर मागे बसवून तो सोडायला आला आणि हेल्मेट न काढता आत बसून गाणं ऐकत राहिला! ही बातमी मी किमान दहा वेळा वाचली असेल.

मुंबईच्या चोर बाजारात १५ वर्षांपूर्वी मला त्यांची 'ग्रेटेस्ट हिट्स'ची एलपी मिळाली. कोपरे फाटलेले होते, तबकडी धड होती. ती ऐकून मी बेस गिटार घेतली. म्हणून हा धागा. जे अमेरिकेत आहेत त्यांनी कार्यक्रम बघून लगेच इथे लिहा, ही कळकळीची विनंती.

रेडिओऐका (नाशिक) · ५ फेब्रुवारी २००६

तुमची तळमळ पोचली, पण मी आकाशवाणीवर वाढलेली बाई. फंक म्हटलं की जेम्स ब्राउन हे एकच नाव ठाऊक, तेही मुलामुळे. हा स्टोन त्याच्यापेक्षा वेगळा कसा? जरा सोपं करून सांगा ना.

बेसवेडा · ५ फेब्रुवारी २००६

ताई, प्रयत्न करतो.

जेम्स ब्राउननं काय केलं, तर आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळा भार टाकला. आपल्या भाषेत सांगायचं तर सम इतकी ठळक केली की बाकीची वाद्यं तिच्याभोवती फिरायला लागली. पण त्याच्या बँडमध्ये राजा एकच, बाकी सगळे हुकुमाचे ताबेदार. एखाद्याचा सूर चुकला तर तो पगारातून दंड कापायचा.

स्लायनं तोच ठेका घेतला आणि गाणं सगळ्यांत वाटून टाकलं. बँडमध्ये सात जण. तो स्वतः ऑर्गनवर, भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोझ पियानोवर, लॅरी ग्रॅहम बेसवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रंपेटवर, जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर, ग्रेग एरिको ड्रम्सवर. शेवटचे दोघे गोरे, बाकीचे काळे. आणि दोन बायका केवळ मागे उभं राहून साथ देणाऱ्या नव्हेत, वाद्यं वाजवणाऱ्या. बँड उभा राहिला १९६६-६७ च्या सुमारास, जेव्हा अमेरिकेतली शहरं वंशद्वेषाच्या दंगलींत जळत होती. सात जण हातात वाद्यं घेऊन स्टेजवर आले की पहिला सूर लागण्याआधीच लोकांना जे समजायचं ते समजत होतं.

त्यांची गाणी ऐकताना एका ओळीत चार आवाज येतात. पहिले तीन शब्द लॅरीचा खर्ज म्हणतो, पुढचे रोझ, मग फ्रेडी, मग स्लाय. घरात चौघं जण एकमेकांचं वाक्य पुरं करतात तसं. १९६९ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये 'एव्हरीडे पीपल' चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. वर अल्बमचं जे नाव लिहिलंय ते याच गाण्यातल्या ओळीवरून बेतलेलं आहे.

आता बेसबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. लॅरी ग्रॅहम लहान वयात आईबरोबर क्लबांमधून वाजवायचा. आई पियानोवर, हा बेसवर आणि एक ड्रमर. मग ड्रमर गेला. ती पोकळी भरून काढायला लॅरी जाड तारेवर अंगठा आपटू लागला, म्हणजे तो मोठा ड्रम झाला, आणि बारीक तार बोटानं खेचून सोडू लागला, म्हणजे तो स्नेअर, छोटा ड्रम, झाला. आज जगभरचे बेसवाले ज्याला 'स्लॅप' म्हणतात ते अडचणीतून निघालं आहे. १९६९ च्या अखेरीस आलेलं 'थँक यू' हे गाणं ऐका, फक्त खालची वाटचाल ऐका.

खाडीपल्याड (कॅलिफोर्निया) · ५ फेब्रुवारी २००६

धागा बघून आनंद झाला. मी नोकरीसाठी व्हॅलेहोच्या जवळ राहतो, स्लाय तिथेच वाढला. जन्म टेक्ससमधल्या डेंटनचा, १५ मार्च १९४३. खरं नाव सिल्व्हेस्टर स्ट्युअर्ट. शाळेत फळ्यावर एका मुलानं नाव लिहिताना 'एल' आणि 'वाय'ची अक्षरं उलटसुलट केली आणि 'स्लाय' चिकटलं ते कायमचं.

व्हॅलेहो म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोहून फेरीबोटीनं येता येईल असं कामगारांचं गाव. समोर मेअर आयलंडची नौदलाची गोदी होती, १९९६ मध्ये बंद झाली. गोदीत कामाला देशभरातून काळी कुटुंबं आली, फिलिपिनो आले, गोरे होतेच. त्यामुळे शाळेतल्या त्याच्या गाण्याच्या चमूत गोरी मुलं-मुली होत्या, एक फिलिपिनो मित्र होता आणि हा. पुढे त्याच्या बँडमध्ये जे दिसलं त्याचा लोकांना अचंबा वाटला, पण इथल्या एखाद्या वर्गाचा फोटो बघितला तर तो बँड तसाच दिसतो.

घर चर्चला वाहिलेलं. १९५२ मध्ये, म्हणजे हा नऊ वर्षांचा असताना, 'स्ट्युअर्ट फोर' या नावानं भावंडांनी एक भक्तिगीतांची तबकडी काढली होती. भाऊ फ्रेडी आज व्हॅलेहोमध्येच पाद्री आहे आणि दर रविवारी त्याच्या चर्चमध्ये संगीत असतं. लोक स्लायला शोधत लॉस एंजेलिस पालथं घालतात. मला मात्र त्याच्या संगीताचा उगम इथल्या रस्त्यांवरून जाताना जास्त जाणवतो.

आणखी एक. बँडच्या आधी तो रेडिओवर निवेदक होता, केएसओएल या काळ्या श्रोत्यांच्या केंद्रावर. तिथे तो सोल संगीताच्या मध्येच बीटल्स आणि डिलन लावायचा. तेव्हा असं कोणी करत नसे.

ठेका (सांगली) · ६ फेब्रुवारी २००६

वाचतोय आणि फार आवडतंय. मी ड्रम्स शिकवतो, म्हणून १९७१ च्या 'देअर्ज अ रायट गोइन ऑन'बद्दल लिहिणं भाग आहे, कारण ही सगळी उजळ गाणी ऐकून कोणी तो अल्बम लावला तर दचकेल.

तोवर ग्रेग एरिको बँड सोडून गेला होता. स्लायनं बऱ्याच गाण्यांत ड्रमरऐवजी 'रिदम किंग' नावाची ठेके वाजवणारी यंत्रपेटी घेतली. ऑर्गन वाजवणाऱ्या हौशी लोकांना साथ म्हणून ती विकली जायची, बटण दाबलं की वॉल्ट्झ, बटण दाबलं की बोसानोव्हा. त्यानं तिचे ठेके अशा ठिकाणी वापरले की यंत्र अडखळत चालल्यासारखं वाटतं. 'फॅमिली अफेअर' या यंत्रावर उभं आहे आणि ते पहिल्या क्रमांकावर गेलं. यंत्राच्या ठेक्यावरचं गाणं तिथवर पोचेल हे तेव्हा कोणी मानलं नसतं.

आणि तो धुरकट आवाज. एकाच टेपवर पुन्हा पुन्हा पुसून, पुन्हा पुन्हा भरून टेपच झिजली. बरीच वाद्यं तो एकट्यानं वाजवत होता, बाकीचे एकेकटे येऊन आपला भाग भरून जात. सात जणांचा बँड एका खोलीत एकत्र बसत नव्हता हे त्या तबकडीत ऐकू येतं. मला तो अल्बम श्रेष्ठ वाटतो आणि ऐकून झाल्यावर दर वेळी वाईट वाटतं.

जाझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकनं १९७३ च्या 'हेड हंटर्स'मध्ये एका रचनेला 'स्लाय' हेच नाव दिलंय, तेही ऐका.

मंडपवाला (ठाणे) · ६ फेब्रुवारी २००६

सगळं वाचलं. संगीताबद्दल वाद नाही. पण एक बाजू कोणीच लिहीत नाही म्हणून लिहितो.

१९७० मध्ये या माणसानं ठरलेल्या ८० पैकी २६ कार्यक्रमांना दांडी मारली. बाकीच्यांना तासन् तास उशिरा. मी गणेशोत्सवात २० वर्षं कार्यक्रम लावतो. एका वर्षी एक मोठे गायक आले नाहीत. निरोपही नाही. साडेतीन हजार माणसं रात्री १२ पर्यंत बसून होती, पुढच्या रांगेत म्हाताऱ्या बायका शाल गुंडाळून. मी माईकवर जाऊन माफी मागितली ते मला आजही झोपेत दिसतं. त्या गायकांचं गाणं मी नंतर ऐकू शकलो नाही.

तुम्ही म्हणता तो परत येतोय. येऊ दे. पण १९७० मध्ये जे तिकीट काढून बसले होते त्यांच्याकडे कोण परत जाणार?

बेसवेडा · ६ फेब्रुवारी २००६

मंडपवाला, तुमचा राग रास्त आहे. त्यावर पांघरूण घालणार नाही.

शिकागोचं उदाहरण तर तुमच्या म्हणण्याला बळच देईल. २७ जुलै १९७०, ग्रँट पार्क. आधीचे कार्यक्रम बुडवले त्याची भरपाई म्हणून तो कार्यक्रम फुकट ठेवला होता. फॅमिली स्टोन वाजवायच्या आधीच गर्दी बिथरली, दगडफेक झाली, पोलिसांसह शंभराहून जास्त जखमी. दंगल त्यांनी घडवली नाही, पण 'हा येत नाही' हे लोकांच्या मनात आधीच इतकं बसलं होतं की ठिणगी पुरली.

नशा होती, कोकेन आणि पीसीपी. त्याखेरीज त्याच्यावर दोन्हीकडून ओढ होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर्स संघटनेच्या लोकांकडून गोऱ्या वादकांना काढ असा दबाव होता, आणि रेकॉर्ड कंपनीला १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवानंतर आणखी 'हिट' हवे होते. वुडस्टॉकला ते रविवारी पहाटे साडेतीनच्या सुमारास स्टेजवर आले, झोपलेल्या लाखो लोकांना उठवून गायला लावलं. वय होतं २६. त्यानंतर दोन वर्षं नवीन अल्बम नाही.

हे कारण म्हणून सांगतोय, माफी म्हणून नाही. जानेवारी १९७५ मध्ये न्यू यॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा बहुतेक खुर्च्या रिकाम्या होत्या. आदल्याच जूनमध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये हजारो लोकांसमोर त्यानं स्टेजवर लग्न लावलं होतं. सात महिन्यांत ही गत. प्रेक्षकांनी त्यांचा निकाल तेव्हाच दिला आणि बँड तिथेच फुटला.

पेटीवाली (दादर) · ७ फेब्रुवारी २००६

मला हे सगळं वाचताना सूरबहारवादक अन्नपूर्णादेवींची आठवण येतेय. आपल्याच मुंबईत, बंद दाराआड. मैफल नाही, ध्वनिमुद्रण नाही, फक्त शिष्य. त्यांनी परत यावं असं किती जणांना वाटत असेल. पण त्यांनी यावं असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे का?

बेसवेडा · ७ फेब्रुवारी २००६

पेटीवाली, ही तुलना माझ्या मनाला पटत नाही, तरी प्रश्न मात्र सुटत नाही. अन्नपूर्णादेवींनी ठरवून दार लावलं आणि आत रियाज चालू ठेवला, शिष्य घडवले. स्लायचं दार कोणी लावलं हे त्यालाही सांगता आलं नसतं. आणि त्याचं संगीत एकट्यानं खोलीत बसून करायचं नव्हतंच. त्याला बाकीचे सहा लागतात.

म्हणून बुधवारी मी त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा धरत नाही. तो ६२ वर्षांचा आहे. मला फक्त ते सात जण एका स्टेजवर हवे आहेत. त्याला सगळं गाणं पेलायची गरज कधीच नव्हती. ओळ अर्धी सोडली तर पुढची रोझ उचलेल, तशीच ती गाणी रचलेली आहेत.

हडसनकाठ (न्यू जर्सी) · ९ फेब्रुवारी २००६, सकाळ

आला. आला. आला!

खाडीपल्याड · ९ फेब्रुवारी २००६, सकाळ

आमच्याकडे पश्चिम किनाऱ्यावर कार्यक्रम तीन तास उशिरा दाखवतात. पुढचं काही लिहू नका, हात जोडतो.

खाडीपल्याड · ९ फेब्रुवारी २००६, दुपार

बघितलं. जसं दिसलं तसं लिहितो.

विनोदी कलाकार डेव्ह शॅपेलनं प्रस्तावना केली. गेल्या वर्षी तोही कोट्यवधींचा करार आणि चालता कार्यक्रम सोडून निघून गेला होता, त्यामुळे स्लायची ओळख करून द्यायला त्याला उभं केलेलं बघून मी सावरून बसलो. मग गाण्यांची माळ सुरू झाली. जॉन लेजंड, जॉस स्टोन, व्हॅन हंट, मरून फाइव्ह, एकामागून एक. सगळे मन लावून गात होते. मागे जेरी मार्टिनी, सिंथिया, ग्रेग एरिको, फ्रेडी, रोझ. कॅमेरा त्यांच्यावर क्वचित जायचा. लॅरी ग्रॅहम आजारी पडल्यानं नव्हता. त्याच्या जागी रस्टी ॲलन, जो १९७२ मध्ये लॅरी गेल्यावर बँडमध्ये आला होता.

मग 'आय वाँट टू टेक यू हायर' सुरू झालं. एरोस्मिथ बँडचे स्टीवन टायलर आणि जो पेरी पुढे. टायलरनं स्लायला हाक मारली. आणि तो आला.

लांब चंदेरी कोट. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. डोक्याच्या मधोमध पिवळ्याधम्मक केसांचा ताठ तुरा, बाजूनं तासलेलं. एका हाताला बँडेज. पाठीत इतका वाकलेला की कीबोर्डशी उभा राहिल्यावर मान खालीच. एका हातानं सूर धरत होता. गायला, पण आवाज बाकीच्या गलक्यात अर्धाच पोचत होता. एकदा माईकपासून मागे सरकला, पुन्हा पुढे आला. फ्रेडी त्याच्याकडे बघत होता. बाकीचे सगळे प्रेक्षकांकडे बघत होते.

गाणं संपायच्या आधीच तो कीबोर्डपासून निघाला, स्टेजच्या पुढे आला, हात वर करून प्रेक्षकांना निरोप दिला आणि चालत आत गेला. सगळं मिळून तीनेक मिनिटं. बँड वाजतच होता.

माझी बायको म्हणाली, 'झालं?' मला उत्तर देता आलं नाही.

मंडपवाला · ९ फेब्रुवारी २००६

म्हणजे पुन्हा मध्येच उठून गेला.

ठेका · १० फेब्रुवारी २००६

मंडपवाला, आला हेही धरा ना. तो येणार नाही म्हणून पैजा लागल्या असतील.

माझी तक्रार वेगळी आहे. मी आज चित्रफीत बघितली, तीनदा. एवढे पाहुणे कशाला? ज्या बँडनं सगळ्यांत वाटून गायचं शिकवलं, त्याच बँडच्या माणसांना मागच्या रांगेत उभं केलं आणि पुढे डझनभर गायक. सिंथियाची ती ट्रंपेटवाली हाक, जिच्यावर अर्धी गाणी सुरू व्हायची, तिला एक ओळ तरी द्यायची. त्या सात मिनिटांपैकी शेवटची तीन फक्त त्यांची असती, पाहुणे बाजूला उभे असते, तर स्लाय थांबला असता की नाही मला माहीत नाही. पण त्याला उभं राहायला जागा मिळाली असती.

बेसवेडा · १० फेब्रुवारी २००६

ठेका यांनी माझ्या मनातलंच लिहिलं.

मी फीत बघताना एका क्षणी थांबलो. गाण्याच्या मध्ये तो मान जराशी वर करतो आणि डावीकडे बघतो, पाहुण्यांच्या पलीकडे, जिथे त्याचे लोक आहेत. अर्ध्या सेकंदाहून जास्त नाही. कदाचित मला तसं बघायचंच होतं. पण मला असं वाटतं की त्या सगळ्या गर्दीत तो बँड शोधत होता.

तिकडची वर्तमानपत्रं विचित्र, केविलवाणं असं लिहीत आहेत. केसांवर परिच्छेदच्या परिच्छेद. मला राग आला. १९६९ मध्येही तो असाच चमचमता, झालरी लावलेला यायचा, तेव्हा त्याला भविष्य म्हणायचे.

मी निराश आहे का? हो. मला सात जणांचा बँड ऐकायचा होता. तरी तो दिसला याचा आनंद निराशेपेक्षा मोठा आहे, आणि या दोन्ही गोष्टी मला एकदमच वाटतायत.

खाडीपल्याड · २२ ऑगस्ट २००७

धागा वर काढतोय. तो खरंच वाजवायला लागलाय! जुलैमध्ये सॅन होजेला आला होता, मग युरोपात गेला, स्वित्झर्लंडमधल्या माँट्रोच्या महोत्सवातही. सोबत बहीण व्हेटचा बँड. थोडा वेळ स्टेजवर, मग आत, मग कधी परत. 'व्हॅनिटी फेअर'मध्ये त्याची मोठी मुलाखतही आली, कित्येक वर्षांनी पहिली. त्यात तो सांगतो की घराच्या आवारात उंचावरून पडल्यामुळे मान आणि पाठ अशी वाकली. म्हणजे ग्रॅमीला ज्याला लोक नशेत आहे म्हणत होते तो दुखऱ्या मानेनं उभा होता.

रेडिओऐका · २३ ऑगस्ट २००७

हे वाचून बरं वाटलं. तुमच्यामुळे मी 'एव्हरीडे पीपल' ऐकलं, आता रोज स्वयंपाक करताना लावते.

ठेका · २ ऑक्टोबर २०११

बातमी वाचली का? लॉस एंजेलिसच्या क्रेनशॉ भागात व्हॅनमध्ये राहतोय. शेजारचं एक निवृत्त जोडपं त्याला रोज जेवण देतं, व्हॅनमध्येच लॅपटॉपवर गाणी करतो म्हणे. गाण्यांचे प्रकाशनहक्क त्यानं १९८० च्या दशकातच विकले, ते मायकल जॅक्सनकडे गेले होते. ज्याच्या ठेक्यांचे तुकडे कापून अर्धं हिपहॉप उभं राहिलं, तो माणूस व्हॅनमध्ये.

पुढे लिहवत नाही.

बेसवेडा · १० जून २०२५

१४ वर्षांनी धागा वर काढतोय. काल लॉस एंजेलिसमध्ये स्लाय गेला. ८२ वर्षांचा होता. फुफ्फुसाचा जुना आजार होता.

मधल्या काळात जे झालं ते थोडक्यात. २०१५ च्या सुरुवातीला रॉयल्टीच्या खटल्यात ज्यूरीनं त्याच्या बाजूनं सुमारे ५० लाख डॉलरचा कौल दिला, पण ते पैसे त्याच्या हाती लागले नाहीत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सिंथिया रॉबिन्सन गेली. २०१७ मध्ये ग्रॅमीनं त्याला जीवनगौरव दिला. २०१९ मध्ये, डॉक्टरांनी निर्वाणीचं सांगितल्यावर, त्यानं नशा सोडली आणि ती सुटली. ७६व्या वर्षी! २०२३ मध्ये आत्मचरित्र आलं. ड्रमर आणि दिग्दर्शक क्वेस्टलव्हनं आधी 'समर ऑफ सोल' या माहितीपटात १९६९ च्या हार्लेममधला फॅमिली स्टोन दाखवला, जो ५० वर्षं डब्यात पडून होता, आणि या वर्षी स्लायवरच माहितीपट केला. काळ्या प्रतिभावंतावर जे ओझं येतं ते त्याच्या उपशीर्षकातच आहे.

काल रात्री मी २००६ ची ग्रॅमीची फीत पुन्हा लावली. तेव्हा मी ३८ वर्षांचा होतो, आता माझं वय स्लायच्या तेव्हाच्या वयाजवळ चाललंय. तेव्हा मी लिहिलं होतं की तो बँड शोधत होता. आज तो डावीकडे बघतो तो क्षण पुन्हा पुन्हा बघितला आणि आता मला तितकी खात्री नाही. पण दुसरं एक दिसलं जे तेव्हा निसटलं होतं. तो निघून गेल्यावर कॅमेरा क्षणभर मागे जातो. ग्रेग एरिको ड्रम्सवर जराही ढळलेला नाही. तो गेला हे त्याला दिसलंय, आणि ठेका तसाच. वाजवताना मी हे शिकलो की असं खूप वर्षांच्या सवयीनंच जमतं. 'तो जाईल, आपण धरून ठेवायचं,' हे त्यांना १९७० मध्येच ठाऊक झालं असणार.

मंडपवाला · १० जून २०२५

मी अजून या साइटवर आहे. वाचून वाईट वाटलं. ७६व्या वर्षी व्यसन सोडणं मला स्टेजवर येण्यापेक्षा मोठं वाटतं. त्या वेळी मी जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण आज त्यात हेही जोडतो.

ज्या गायकांबद्दल लिहिलं होतं, तेही गेले. गेल्यावर मी त्यांची एक मैफल लावली. पूर्ण ऐकली.

पेटीवाली · ११ जून २०२५

बेसवेडा, एक विचारू? माझी नात १२ वर्षांची आहे, बेस शिकायचं म्हणते. या बँडचं कोणतं गाणं आधी घ्यावं?

बेसवेडा · ११ जून २०२५

'एव्हरीडे पीपल'. लॅरी ग्रॅहम त्या गाण्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच सूर वाजवतो. बदलत नाही. बाकी सगळे त्याच्यावरून ये-जा करतात.

पेटीवाली · ११ जून २०२५

म्हणजे तंबोऱ्यातला षड्ज.

बेसवेडा · ११ जून २०२५

हो, फक्त तालात. सोपं वाटेल आणि दुसऱ्या मिनिटाला हात पळायला बघेल. तिला सांगा, बाजूला कोणीतरी गायला बसवा. एकटीनं नको.